सोफ्याचा युनिफॉर्म

...आणि वर बायको मलाच विचारते, "उभं का ऱ्हायलाय?" आता काय बोलावं! अहो, उभा का म्हणजे? बसायला जागा नाही म्हणून उभा! घरात तीन माणसं ऐसपैस बसतील असा सोफा, चांगला दत्तोबा सुताराकडून करून घेतलेला, दिवाळीचा अख्खा बोनस त्यात घातलेला, आणि सोफ्याचा मालक सकाळी सात ते साडेतीन कंपनीत लेथपुढं उभा आणि साडेतीननंतर घरात चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभा. तुम्हीच सांगा, माणसानं बसायचं कुठं?

तुम्ही म्हणाल, कोंडीराम, सतरंजीवर बस की खाली. बसलो असतो हो! पण सतरंजी मळू नये म्हणून तिच्यावर चादर, चादर मळू नये म्हणून चादरीवर प्लास्टिक, आणि आमची खराळवाडीची खोली पत्र्याची, मे महिन्यात त्या प्लास्टिकवर बसून उठलं की असा काही आवाज होतो की पलीकडच्या खोलीतून आमच्याच कंपनीतला जयसिंग ओरडतो, "काय फाटलं रे कोंडीराम?" काही फाटलं नाही बाबा, उठलो फक्त!

तुम्हाला सांगतो, आमची प्रभावती बाई सोन्यासारखी, नाव ठेवायला जागा नाही, पण हिला कव्हरांचा नाद. पायानं चालवायचं शिलाई मशीन आहे हिचं, ते समोर दिसलं की हिच्या पायाला खाज सुटते. रेडिओला कव्हर. त्याला पुढं खिडकी, खिडकीला पडदा, बातम्या लागल्या की पडदा वर करायचा आणि बातम्या संपल्या की खाली, जसं काही आतली बाई कपडे बदलतीय! ट्रंकेला कव्हर. घड्याळाला कव्हर, किती वाजले बघायला उठून जायचं. सायकलच्या सीटला कव्हर, आणि पावसाळ्यात त्या कव्हराला कव्हर. शिलाई मशीनला कव्हर, ते त्याच मशीनवर शिवलेलं! परवा मी जेवायला बसलो तर पानावर ताट पालथं. म्हटलं हे काय? तर म्हणते, "धूळ बसंल." अहो, धूळ बसेल, सगळं खरं, पण मला कधी बसू देशील का नाही?

आता सोफ्याचं ऐका. कंपनीत परदेशातून मशीन आलं की लाकडी खोक्यात येतं. ती खोकी लिलावात जातात, आणि दत्तोबा ती फळकुटं घेऊन त्याचं फर्निचर करतो. लाकूड असं की खिळा ठोकताना हातोडीला घाम यावा! आमच्या सोफ्याच्या पाठीला आतल्या बाजूनं अजून इंग्रजी अक्षरं आहेत, 'धिस साइड अप', आणि बाण. बाण खाली आहे. दत्तोबाला म्हटलं, अरे उलटी लावलीस फळी. तर म्हणतो, "कोंडीरामभाऊ, बसताना बाण वाचून बसणार हायसा का?" गप्प बसलो. म्हणजे उभ्या उभ्याच गप्प.

पण कापड! कापड मी स्वतः पसंत केलं राव. पिंपरी कॅम्पातल्या शेठच्या दुकानात अर्धा दिवस घालवून डाळिंबी रंगाची मखमल घेतली. हात एकीकडून फिरवला की गडद, उलटा फिरवला की फिकी. मी दुकानात उभा राहून नुसता हात फिरवत होतो, शेवटी शेठ म्हणाला, "साहब, घर ले जाके फिराओ." तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या मनात एकच होतं, साडेतीनचा भोंगा झाला की घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि त्या डाळिंबी मखमलीवर टेकून, पाय लांब करून, चहा प्यायचा. बास. एवढंच. यापेक्षा जास्त काही मागितलं असेल तर जीभ झडो माझी.

सोफा संध्याकाळी हातगाडीवरून आला. दुसऱ्या दिवशी मी शिफ्ट करून घरी आलो तर सोफा गायब! डाळिंबी काही नाहीच, समोर काहीतरी निळं, लांबलचक, माझ्याचसारखं दिसणारं. बघतो तर माझा युनिफॉर्म! कंपनी वर्षाला दोन जोडांचं निळं कापड देते ना, जाड, मळखाऊ, ते यंदाचं आणि गेल्या सालचं, दोन्ही हिनं सोफ्याला चढवलेलं. हातांना वेगळी कव्हरं, खाली झालर, मागं बांधायला नाड्या, आणि बरोबर पाठीच्या मधोमध लाल रेशमानं भरलेलं, 'या, बसा'. आजूबाजूला दोन गुलाब आणि वर पोपट, नुसते खडूनं आखलेले. पुढं तीन महिने ती त्या गुलाबांवरच होती, एकेक पाकळी भरत.

म्हणजे बघा, 'या, बसा' लिहिलंय, आणि बसायला गेलं की ओरडते, "तिथं नगा, पोपट चुरगळंल!"

मी म्हटलं, "अगं, ही मखमल दिसणार कधी?" तर म्हणाली, "मोठं माणूस आलं की काढीन कव्हर." झालं! मी मोठ्या माणसाची वाट बघायला लागलो. हिचा मामेभाऊ आला, नगरपालिकेत कारकून, म्हटलं चला, सरकारी माणूस आहे, काढ. तर आतूनच मान हलवली. आमचे फोरमन सोपानराव आले, अहो सोपानराव, ज्यांच्या शिट्टीवर साठ मशीनं चालतात! मी डोळ्यांनी खुणावतोय, काढ, काढ. तर मला स्वयंपाकघरात ओढून म्हणते, "ह्यो मोठा व्हय? तुमाला शिव्या घालतो ह्यो!" आणि सोपानराव बसले कव्हरवर. मी उभा. घरात पण फोरमन बसलेला आणि मी उभा! आता तुम्हीच सांगा, माणसानं बसायचं कुठं?

बरं, सोफा नव्या कापडात, आणि मी? मी तीन वर्षांपूर्वीच्या युनिफॉर्ममध्ये. गुडघ्याला ठिगळ, कोपराला ठिगळ, ठिगळाला ठिगळ. जयसिंग म्हणायचा, "कोंडीराम, तुझ्या सोफ्याची नोकरी पर्मनंट झाली वाटतं?" हसा, हसा! पण काय करता, कुणाच्या घरी तरी कापड अंगावर होतं का? खुद्द जयसिंगच्या कापडाच्या बाजाराच्या पिशव्या झालेल्या. कारखान्यांच्या अख्ख्या पट्ट्यात कंपनीचं कापड पोरांच्या चड्ड्यांत, उशांच्या खोळांत, आणि कामगार ठिगळात.

आणि इथंच माशी शिंकली. आमच्याकडं पर्सनलला, म्हणजे भरती-बढती बघणाऱ्या खात्याला, नवे साहेब आले. पुण्याचे, चष्मेवाले, हळू बोलणारे. हळू बोलणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते, सोपानराव ओरडतात ते परवडलं. या साहेबांनी एक दिवस शॉपमध्ये, म्हणजे आमच्या मशीनखात्यात, चक्कर मारली आणि हळूच विचारलं, "कंपनी दरवर्षी कापड देते. ते जातं कुठं?" साठ मशीनं चालू असताना सुद्धा ते सगळ्यांना ऐकू गेलं! आणि नेमकी दुसऱ्या दिवशी चार्जहँडची, म्हणजे फोरमनच्या हाताखालच्या जागेची, परीक्षा. चौदा वर्षं लेथवर घासली मी, चौदा वर्षं! चार्जहँड झालो की हातात कागद, कानावर पेन्सिल, आणि दुसऱ्याच्या मशीनपुढं उभं राहायचं. म्हणजे तिथं पण उभंच, पण मानानं! आणि साडेतीनला बोर्डावर नोटीस लागली, यंदाच्या कापडाचा युनिफॉर्म अंगावर नसेल त्याला परीक्षेला बसता येणार नाही.

बसता येणार नाही! बघा, इथं पण तेच!

सायकल अशी हाणली की कव्हर उडून गेलं. घरात शिरलो आणि म्हटलं, "प्रभे, सोफा उसव!" तिला वाटलं मला ऊन लागलं. लिंबूपाणी आणायला निघाली. सगळं सांगितलं तेव्हा मटकन खाली बसली, प्लास्टिकवर. मग उठली, सोफ्याच्या नाड्या सोडल्या, कव्हर ओढलं... आणि तुम्हाला सांगतो, खोलीत उजेड पडला. डाळिंबी! जशीच्या तशी! मी पुढं झालो, हात लांब केला, तर म्हणते, "मापं देताय का हात फिरवताय? उभं ऱ्हावा सरळ!"

राहिलो. सवय आहे.

तर सोफ्याच्या पाठीतून शर्ट निघाला, हातांतून पँट निघाली. पँटला झालर राहिली होती, ती काढली. कॉलरला एक नाडी राहिली, ती म्हणाली ऱ्हाऊ द्या, थंडीत बांधा. आणि शर्टाच्या मागच्या बाजूला, खालच्या अंगाला, 'या, बसा'! मी म्हटलं, "बाई, हे उसव. पाया पडतो, हे तेवढं उसव." तर डोळे असे केले. म्हणाली, "तीन म्हयनं घातल्यात मी त्या गुलाबावर. न्हाई उसवणार. शर्ट आत खोचायचा. आत कोण बगाय येतंय?"

आत कोण बघायला येतंय! लक्षात ठेवा हे वाक्य.

दुसऱ्या दिवशी मी असा कडक निघालो की गेटवरच्या वॉचमननं आधी सलाम केला आणि मग ओळखलं. शर्ट खोचलेला, वर पट्टा आवळलेला, पोपट पोटाच्या मागं, गुलाब दोन्ही ढुंगणांवर समसमान. कुणाला पत्ता नाही. एकच घोळ होता, पाठीचं कापड कमी पडलं होतं, त्यामुळं शर्ट आखूड. मी श्वास सुद्धा बेतानं घेत होतो. लेथपुढं साहेब चष्मा पुसत उभे, बाजूला सोपानराव, मागं जयसिंग आणि अख्खं शॉप. साहेब म्हणाले, "जॉब सेट करून दाखवा." दाखवला. हात लोण्यासारखा चालला राव! मापात केसाचा फरक नाही. साहेबांनी मान हलवली. सोपानराव, ज्यांनी चौदा वर्षांत मला 'बरंय' म्हटलं नाही, ते म्हणाले, "बरंय."

आणि त्या आनंदात माझ्या हातातनं चकची, म्हणजे जॉब आवळायची, चावी खाली पडली.

आता चावी पडली तर माणूस काय करील? वाकेल! मी वाकलो. मागून काहीतरी गार लागलं. मी म्हटलं वारा आला. आणि साठ मशीनं बंद असल्यासारखी शांतता... आणि त्या शांततेत सोपानरावांचा आवाज, चौथीतलं पोर वाचतं तसा, एकेक अक्षर लावत, "या... ब... सा."

मग पडलं अख्खं शॉप! कुणी पेटीवर पडलं, कुणी कचऱ्याच्या गाडीवर. जयसिंग तर म्हणायला लागला, "या सोपानराव, निमंत्रण आहे, बसा की!" मी तसाच वाकलेला. सरळ व्हायचं धाडसच होईना. साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "सोफा, साहेब."

"सोफा?"

"म्हणजे शर्टच आहे साहेब, पण मूळचा सोफा. आधी कापड, मग सोफा, मग शर्ट. आणि साहेब, सहा महिने मी सोफ्यावर बसलेलो नाही, आणि आता सोफा माझ्यावर बसलाय." काय बोललो मला कळलंच नाही. डोळ्यांपुढं मेमो दिसत होता. कंपनीच्या मालाचा गैरवापर, चौदा वर्षं पाण्यात. साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला आणि म्हणाले, "गुरुवारी सुट्टी आहे ना? मी पाहायला येतो."

गेलं! चार्जहँडपण गेलं, नोकरी पण गेली. घरी येऊन सांगितलं, "साहेब येणार आहेत सोफा बघायला." प्रभावती म्हणाली, "उघडा सोफा?" मी म्हटलं, "अगं, नोकरी जातीय आणि तुला उघडा सोफा दिसतोय?" तर म्हणाली, "नोकरी जाऊ दे, पर घर नीट पायजे." आता या बाईला काय म्हणावं?

गुरुवार उजाडला. आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी एसटीनं माझी सासू आली, भिमाबाई. माणदेशातनं, डोक्यावर हुलग्याचं गाठोडं. आता आमच्या सासूबाईंची एक सवय आहे. घरात पँटवाला कुणीही आला की त्या उठून दाराशी जाऊन खाली बसतात, पोतं असेल तर पोत्यावर, नसेल तर तशाच. कितीदा सांगितलं, मामी, हे तुमच्या लेकीचं घर आहे. पण सारा जन्म गावात पाटलाच्या ओट्याखाली बसण्यात गेला, चहा मिळाला तर वेगळ्या कपात मिळाला. ती सवय एसटीत बसून पिंपरीला आली तरी खाली उतरत नाही. मला ते बघवत नाही, आणि बोलता पण येत नाही. इथं मी विनोद करत नाही हां.

साहेब आले. चप्पल दाराबाहेर काढली. सासूबाई लगेच उठल्या आणि दाराशी सरकल्या. मी हात जोडून म्हणतोय, "या साहेब, बसा." साहेब सोफ्याकडं वळले, डाळिंबी मखमल बघून थबकलेच. आणि तेवढ्यात प्रभावती आतून पदर खोचत आली, साहेबांच्या समोरून गेली, दाराशी गेली आणि आईचा हात धरला.

"आये, ऊठ."

"आगं, सायब बसू दे..."

"ऊठ म्हनते ना!"

आणि ओढत आणून आईला सोफ्याच्या मधोमध बसवली! मखमलीवर! कव्हर नसलेल्या! म्हातारीनं दोन्ही हात दोन्ही बाजूंना मखमलीवर ठेवले, आणि एकीकडून फिरवले, मग उलटे फिरवले. गडद, फिकी. गडद, फिकी. प्रभावती म्हणाली, "मी म्हनलं व्हतं न्हवं, मोठं माणूस आलं की कव्हर काढीन." मग वळून साहेबांना म्हणाली, "साहेब, तुमी बी बसा आता."

साहेब बसले. कडेला. अंग चोरून.

मी काय करू? मी रेडिओच्या कव्हराचा पडदा वर-खाली करत उभा राहिलो. सहा महिने मला वाटत होतं ही मखमल माझ्यापासून जपतीय. अहो, ती कुणासाठी तरी राखून ठेवत होती. मग म्हटलं, चला, तीन माणसांचा सोफा, दोन बसलीत, तिसरी जागा रिकामी. पाऊल उचललं, तर प्रभावती म्हणाली, "तुमी कुठं? दूध आना जावा, च्या करायचाय."

दूध आणलं. येईपर्यंत साहेब आणि सासूबाई हुलग्याचं माडगं कसं शिजवायचं यावर बोलत होते! जाताना साहेब दारात म्हणाले, "कोंडीराम, पत्र सोमवारी घेऊन जा. काम चांगलं आहे तुमचं." मला वाटलं मेमोचं पत्र. तर म्हणाले, "चार्जहँडचं." मी काही बोलायच्या आत आतून आवाज, "साहेब, चार्जहँडला कापड किती मिळतंय हो?" साहेब चष्मा न पुसताच पळाले.

संध्याकाळी सासूबाई जयसिंगच्या बायकोला भेटायला गेल्या. घरात मी, प्रभावती आणि सोफा. उघडा. प्रभावतीनं माझ्याकडं बघितलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, म्हणाली, "बसा की आज. तुमचाच हाय." तुम्हाला सांगतो, कानावर विश्वास बसेना. बघा, सगळं बसतं, विश्वासच बसत नाही! पुढं झालो. मखमलीवर सासूबाईंच्या हाताची खूण अजून होती, गडद-फिकी. मी वळलो, खाली वाकलो... आणि माझी नजर माझ्या पँटवर गेली. सकाळी सायकलची चेन बसवलेली, गुडघ्यापासून मागंपर्यंत वंगण. आणि मनात पहिला विचार काय आला असेल? सांगू?

"डाग पडंल."

मी म्हटलं, कोंडीराम, गेलास तू! चौदा वर्षं लेथवर टिकलास, पण ही बाई अखेर तुझ्या आत शिरली! गपचूप अंगातला तो युनिफॉर्मचा शर्ट काढला, सोफ्यावर अंथरला, 'या, बसा' वर येईल असा, पोपट चुरगळणार नाही असा, आणि त्याच्यावर बसलो. बसलो राव! पाय लांब केले, चहा प्यायलो... कव्हरवरच! आता सकाळी ते कापड माझ्या अंगावर पहिली शिफ्ट करतं आणि साडेतीनला घरी येऊन सोफ्यावर दुसरी. आणि मी बनियनवर बसून एवढाच विचार करतो, की बसायचं कुठं ते तर कळलं, पण डबल शिफ्ट करणाऱ्या त्या बिचाऱ्या शर्टाला ओव्हरटाइम कोण देणार?